इसबगोलाचा लेप

सोम., १० मार्च १९६९

हौसा आली होती. बाजाराचं निमित्त काढून मळवलीहून लोणावळ्याला, आणि तिथून थेट शेडवर. गेल्या वर्षापर्यंत आमच्याच पॅकिंगच्या टेबलावर बसायची, रबरी हातमोज्यांना पावडर लावायला. पाचव्या बाळंतपणानंतर काम सुटलं ते सुटलंच. आधी ओळखलंच नाही मी. पोलक्यातून हात बाहेर आलेत ते काठ्यांसारखे.

डॉक्टरीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलंय: अंगात रक्त नाही, पुढचं बाळंतपण झेपणार नाही, जिवावर बेतेल. ऑपरेशन करायचं तरी आधी रक्त वाढलं पाहिजे, म्हणजे सध्या नाहीच. नवरा, बाळू, स्वतःचं करून घ्यायला तयार नाही. "मग नांगुर कोन धरंल?" उरले आमच्या शेडमधले ते दुसरे, पुरुषांचे मोजे. (इथे मी मोजेच लिहिणार. सासूबाईंना चष्म्याशिवाय पोथी दिसत नाही, पण माझी वही बरोबर दिसते.)

मोजे तिनं इथूनच नेले होते. दोन फाटले. बाकीचे तिनं चुलीत घातले, घरभर वास.

"बाई, लय कोरडं असतंय ओ. नुसती आग हुती. म्हनून ह्यांनी खोबरेल लावलं."

खोबरेल! रबराला तेल म्हणजे सख्खा वैरी. आणि हे त्या पाकिटावर कुणी छापत नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या आत तुला चांगला मोजा करून देते, असं बोलून बसले. बरंच झालं. कुणाला शब्द दिला की मला काम सुचतं.

मंगळ., ११ मार्च

रबराची एक पट्टी पाण्यात, एक खोबरेलात. संध्याकाळपर्यंत तेलातली फुगून ढिली. दोन बोटांत धरून ओढली, ओल्या पापडासारखी तुटली. शेडच्या मालकांना, शेठना बोलावून दाखवली.

शेठ: "विलायतमधी सिलिकोन लावते."
मी: "मग आणा."
शेठ: "आयातचा परवाना कोन देल? तुमचा सासरा?"

म्हणजे नाही. ठीक. बुळबुळीत पाहिजे पण तेल नको. पाकिटात कोरडं राहिलं पाहिजे, आणि अंगाच्या ओलीनं आपोआप सुटलं पाहिजे. वरून काही चोपडायला नको, कारण माणूस अंधारात हाताला लागेल ते चोपडतो.

शेठचं आणखी एक: "बाई, मोजा घेते पुरुष. वापरते पुरुष. त्याला इचारा ना काय पायजे." म्हटलं, आग बायकांची होते आणि कौल पुरुषांचा घ्यायचा, हा कुठला न्याय? शेठ हसले. पण मोज्यांच्या काचेच्या साच्यांची एक चौकट दिली मला, रोज दुपारनंतर माझ्या हवाली. हट्टाला पेटले की मी ऐकत नाही हे त्यांना माहीत आहे.

गुरु., २० मार्च

ग्लिसरीन. गेला आठवडा त्यातच. बुळबुळीत होतं, पण पाकिटातून गळतं, कागदाला चिकटतं, बोटांना चिकटतं. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, ह्यापेक्षा काकवी बरी. खरं आहे. नापास.

बुध., २ एप्रिल

सासूबाईंचा इसबगोल!

रोजच्याप्रमाणे जेवणानंतर त्यांच्या पेल्यात भिजत घातला, आणि चमचा फिरवताना हात थांबला. असा गिळगिळीत, निसरडा, तेलाचा टिपूस नाही, वास नाही, वर्षानुवर्षं माणसाच्या पोटात जातोय आणि कुणाचं वाईट झालेलं नाही. वाळवला की कोरडा, पाणी लागलं की पुन्हा तसाच. अजून काय पाहिजे?

भुशी डब्यातून अर्धी काढून घेतली. सासूबाई: "तुला गं कशाला?" म्हटलं, पोट. "या वयात?" म्हणाल्या आणि हर्डीकर वैद्यांचं नाव सुचवलं.

शनि., १९ एप्रिल

घोडं इथे अडलंय. भुशी भिजवून, फडक्यातून गाळून, तो रस तयार मोज्यावर चढवते. वाळतो छान. पण पाकिटात घालताना घडी पडली की पापुद्रे निघतात, कोंड्यासारखे. रबराला तो धरतच नाही. रस दाट केला, पातळ केला, तांदळाची पेज घातली. पेजेनं जरा बरं, पण पापुद्रे आहेतच.

यांना सांगितलं. हे शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच अशी यांची समजूत. "गोंद घाल." गोंद घातला तर बुळबुळीतपणा जातो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

तरी मी हरलेले नाही. वस्तू बरोबर आहे, तिची वेळ कुठेतरी चुकतेय.

रवि., ११ मे

मळवलीला गेले. हौसाचं कसं आहे बघायला, दुसरं काही नाही. स्टेशनातून बाहेर पडून भाताच्या बांधांवरून चालत. मुंबईवाल्यांचा एक बंगला आहे, तो बाळू राखतो. त्याच्या मागे हौसा-बाळूचं घर.

हौसा ओट्याच्या कडेला गोणपाटावर बसलेली. बाहेरची. त्या घरात हे कडक आहे: चार दिवस चुलीला, पाण्याला, माणसाला शिवायचं नाही, भाकरी वरून टाकलेली खायची. एरवी मी यावर वाद घातला असता. आज मात्र जीव भांड्यात पडला. ती बाहेर बसलीय म्हणजे पोट रिकामं आहे. तिला तसं म्हटलं, तर पदरात तोंड घालून हसली. "व्हय. बसाया मिळतंय त्ये येगळंच."

तिची सासू अंगण सारवत होती, सगळं काम अंगावर पडल्यामुळे धुसफुसत. सारवण अजून ओलं आणि म्हातारीनं रांगोळी घातलीसुद्धा. मी सहज म्हटलं, "मावशी, वाळू तरी द्यायचं."

"वाळल्यावं वाऱ्यानं उडून जाती की. वल्यात धरती."

हे मला माहीत नाही का? जन्मभर मी स्वतः तशीच घालत आले आहे. पण बघता बघता डोक्यात लख्ख झालं. मी तयार, वाळल्या रबरावर लेप चढवतेय. साच्यावरचं रबर ओलं असतानाच चढवायला हवा. परतीच्या गाडीत बाकावर नीट बसवेना.

मंगळ., १३ मे

धरला!

काचेचा साचा रबराच्या चिकात बुडवला, वर काढला, थरथरीत असतानाच इसबगोल-पेजेच्या रसात बुडवला, मग दोन्ही एकत्र भट्टीत. घडी घातली, चुरगळली, ओढली. पापुद्रा नाही. पावडरसुद्धा लागत नाही, आपोआप सुटा राहतो. बोट ओलं करून फिरवलं तर मासोळीसारखं सटकलं.

शेठनी स्वतः बोट फिरवलं, दोनदा. "साला," एवढंच म्हणाले. पारशी माणसाकडून याहून मोठी शाबासकी नाही.

गुरु., ५ जून

जे दुसऱ्याच्या घरी द्यायचं ते आधी आपल्या घरी, हा माझा नियम. यांना सांगितलं. हे कानापर्यंत लाल. "म्हणजे मी उंदीर?" म्हटलं, आपण दोघंही.

इथे जास्त लिहीत नाही. फक्त निकाल: फाटला नाही, आग नाही, वरून काही लागलं नाही. हे म्हणाले, "विज्ञानाची एवढी प्रगती झाल्याचं माहीत नव्हतं." आणि सकाळी चहा यांनी केला! सासूबाईंनी तो बघितला आणि दिवसभर माझ्याकडे संशयानं पाहत होत्या. त्यांना नातू हवाय. एक नात आहे, तिच्यावरच सध्या भागवा म्हणावं.

मंगळ., २४ जून

हौसाला पहिली पाकिटं दिली. दोघं आली होती, बाळू रस्त्यापलीकडे टपरीपाशी पाठ करून उभा. तिला सगळं नीट सांगितलं. तेल नाही, तूप नाही, साबण नाही. एकदा वापरला की टाकायचा. आणि पाऊस धरलाय, तेव्हा कोरड्या जागी ठेव.

"आग न्हाई हुनार?"
"नाही."
"शप्पत?"
"शप्पत."

पाकिटं पदराच्या गाठीत बांधून गेली. मला दिवसभर गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

बुध., ९ जुलै

लोणावळ्याच्या पावसानं माझी खोड मोडली. शेडमध्ये ठेवलेली पाकिटं उघडली: लेप हवेची ओल पिऊन आतल्या आतच सुटलेला, वर हिरवी बुरशी. इथे कपाटातल्या चपलांना केस फुटतात, तिथे इसबगोलाचं काय!

पण वाईट वाटलं नाही. उलट, जे लोणावळ्याच्या जुलैत टिकेल ते कुठेही टिकेल. रसात सरबतवाले घालतात ते टिकवायचं औषध चिमूटभर घातलं, बुरशी थांबेल. ओलीसाठी बाजारातल्या चिक्कीवाल्याकडे गेले. त्याची चिक्की भर पावसात कडक कशी राहते? मेणकागद दुहेरी, आणि कडा तापल्या इस्त्रीनं दाबलेल्या. त्याच्याकडून कागदाचं रीळच घेतलं. "वैनी, चिक्कीचं दुकान टाकताय का?" म्हटलं, तसंच काहीसं.

हौसाला या नव्या कागदातली पाकिटं पाठवली, जुनी फेकून दे असा निरोपही दिला.

रवि., २७ जुलै

आवणी उरकून खाचरं हिरवीगार. पायातल्या चपला हातात घेऊन मळवलीच्या बांधावरून गेले आणि लांबूनच दिसलं: हौसा ओट्यावर, गोणपाटावर!

हसून हात केला तिनं. मी जवळ जाऊन बसले. म्हातारी ओरडली, "बाई, शिवशिला!" म्हटलं, मावशी, मी घरी जाऊन अंघोळ करते.

"कसं आहे?" विचारलं.
"ब्येस हाय बाई."
"आग?"
"न्हाई."

झालं. आणखी काय पाहिजे माणसाला? येताना स्टेशनात भजी खाल्ली, दोन प्लेटी. शेठना उद्या सांगते: मळवलीचा निकाल लागला.

रवि., १७ ऑगस्ट

पुन्हा गेले. हौसा पुन्हा ओट्यावर. जरा लवकर वाटलं. पण रक्त कमी असलं की पाळी मागेपुढे होते, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. असो. बाहेर आहे ना, मग ठीक.

बाळू भेटला. तोंड एरंडेल प्याल्यासारखं. "काय बाळू, सगळं ठीक?" "काय ठीक, बाई. चाललंय." शेतात रोग पडला असेल.

शेठ वीस खोके नव्या लेपाचे काढायचं म्हणतात. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. पण मनातून मलाही घाई झालीय.

शुक्र., ५ सप्टेंबर

काय लिहू. आधी चिडले, मग हसले, आता दोन्ही होतंय.

कामाचाच वार, पण मेणकागद खेड्यातल्या घरात कसा टिकतो ते बघायचं होतं म्हणून दुपारच्या गाडीनं मळवलीला. न सांगता. हौसा ओट्यावर. पुन्हा! म्हातारीला म्हटलं, मावशी, मी दिलेली पुडकी कुठे आहेत, कागद बघायचाय. ती म्हणाली, "त्ये व्हय? चुलीवं, माळ्यावं. बियान्याबरूबर."

पावसाळ्यात इथे जे जे कोरडं ठेवायचं ते चुलीच्या वर, धुरात: बियाणं, मीठ, काड्यापेट्या. मीच सांगितलं होतं ना, कोरडं ठेव! स्टुलावर चढून हात घातला. पुडकी हाताला लागली, काजळीनं काळी. सगळी. जूनमधली, जुलैमधली. एकही फोडलेलं नाही. फोडून पाहिलं तर धगीनं रबर कडक, ताणलं की तडकतंय.

बाहेर आले. हौसानं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग इतके दिवस ब्येस हाय, आग नाही, ते काय?"
"न्हाईच झाली की आग. वापरलंच न्हाई तर आग कशाची."
"आणि ही पाळी?"

आधी दाराकडे नजर टाकली. मग हळूच, म्हातारी ऐकणार नाही असं: "कवा खरं, कवा खोटं. हितं बसलं की ह्ये शिवत न्हाईत. चार दिस ह्या टायमाला, चार दिस त्या. बाकीचं दिस प्वारांत झोपते. बाई, म्या जीव वाचिवते माजा."

म्हणजे मी ज्या ओट्याकडे बघून भजी खाल्ली त्या ओट्यावर माझ्या लेपाचा निकाल लागलेलाच नव्हता. तिनं तिचा स्वतःचा उपाय काढला होता, आणि माझ्या मोज्यापेक्षा तो जास्त खात्रीचा होता. बाळूचं तोंड एरंडेलासारखं का होतं तेही कळलं.

शनि., ६ सप्टेंबर

शेठना सांगितलं, खोके थांबवा. कारणही सांगितलं. मला वाटलं ओरडतील. पोट धरून हसले. "आमची बाई फसली!" हो, फसले. हात दाखवून अवलक्षण.

पण एक बोचतंय. ती मला खोटं का बोलली? मी रागावेन म्हणून नाही. मी इतकी खूश होऊन यायचे की तिला माझा विरस करवला नाही. पहिल्या मोज्यांनी तिचे हाल केले होते. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकूनच पिणार. तिच्यापुढे शपथ घेतली, पण तिला विश्वास बसेल असं मी काय दिलं होतं? कागदाचं पुडकं आणि माझं हसू.

गुरु., ११ सप्टेंबर

हौसा स्वतः आली. डोळे सुजलेले. म्हातारीला शंका आलीय, पण वेगळीच: महिन्यातून दोनदा बसते म्हणजे अंगावरून जातंय, कुणीतरी केलंय. भगताकडे नेणार तिला. भगत कसल्याकसल्या मुळ्या उगाळून पाजतो. मागे शेजारणीला पाजल्या तर ती आठवडाभर उठली नव्हती.

"आता मला बसाया येत न्हाई, बाई. आन् ह्यांनला किती दिस थोपवू? ह्ये वाईट न्हाईत. पन मानूस हाय."

मग सरळ माझ्याकडे बघून: "बाई, खरं सांगा. तुमी सोता वापरता?"

सगळ्या शेडमधल्या बायका कान टवकारून. म्हटलं, "जूनपासून."

"मास्तर?"

"मास्तरांनी दुसऱ्या दिवशी चहा केला."

हौसा हसली. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच मोकळी हसली असेल. पॅकिंगच्या टेबलावर तर हलकल्लोळ. आता हे बाजारातून जाताना लोणावळ्यातल्या निम्म्या बायका पदर तोंडाला लावणार. यांना सांगावं की न सांगावं? न सांगितलेलंच बरं.

"मंग द्या," म्हणाली. नव्या चौकटीतले दिले. चुलीवर नाही, कणगीत, भाताच्या आत ठेव. तिथे गार असतं, कोरडंही असतं.

रवि., २१ सप्टेंबर

मळवली. या वेळी बाळूशीच बोलायचं ठरवून गेले. म्हातारीला मुलांना घेऊन स्टेशनाकडे पाठवलं, गोळ्या-बिस्किटं आणायला.

बाळू खांबाला टेकून, नजर जमिनीत. मी मास्तरीणबाईच्या आवाजात सगळं सांगितलं. कसा चढवायचा, कसा काढायचा, तेल का नाही. शेवटी म्हणाला, "आन् फाटला का न्हाई त्ये कळायचं कसं?" हुशार प्रश्न. माझ्या शेठनीसुद्धा विचारला नव्हता. म्हटलं, नंतर पाणी भरून बघ. थेंब गळला तर लगेच हौसाला घेऊन माझ्याकडे ये.

त्यानं तिथल्या तिथे एक कोरा मागितला, रांजणातलं पाणी तांब्यानं भरत सुटला. दुधीएवढा झाला, मग भोपळ्याएवढा. आंब्याच्या फांदीला टांगला. आम्ही तिघं बघत बसलो. तेवढ्यात मुलं परत आली आणि त्यांना तो फुगा हवाच झाला. कशीबशी समजूत घातली.

"दमदार हाय," बाळू म्हणाला. एखाद्या बैलाबद्दल म्हणावं तसं.

निघताना हौसा वाटेपर्यंत आली. "माजी भीती ऱ्हाईली न्हाई असं न्हाई, बाई." म्हटलं, राहू दे. भीती असली की काळजी घेतो माणूस. माझी खात्री आहे, ती मी दोघींपुरती वापरते.

मंगळ., ७ ऑक्टोबर

बाळू शेडवर! एकटा. दारात अर्धा तास घुटमळला. शेवटी आत येऊन शेठना म्हणाला, "बाईंकडं हातमोजं हैत का?" शेठ: "कोनच्या हाताचे?" मी शेठना डोळ्यांनी गप्प केलं.

पाकिटं दिली. पैसे काढायला लागला, घेतले नाहीत. "कसं काय?" विचारलं. "ब्येस हाय." या वेळी ब्येस म्हणजे ब्येसच, कारण तोंड एरंडेलाचं नव्हतं. "पानी भरून बघता का?" "दरटायमाला. एक बी गळला न्हाई." मग, अगदीच जाता जाता: "तिला तरास न्हाई म्हनती."

एवढ्यासाठी मार्चपासून चाललं होतं. तिला त्रास नाही. शेठना म्हटलं, आता खोके काढा. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा: तेल लावू नये. दुसरी ओळ: चुलीवर ठेवू नये. शेठ म्हणाले, हे साला कुठच्या कंपनीच्या पाकिटावर नाय. म्हटलं, म्हणूनच.

शुक्र., १७ ऑक्टोबर

दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला. लेप एकसारखा बसतोय, बोटाला कळतं. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांसाठी मागितले. त्यांनी पहिल्यांदाच मला खुर्चीत बसवून सगळं विचारलं, रस किती दाट, भट्टी किती तापवता. मी भाव खाल्ला थोडा. खायला काय हरकत आहे.

त्यांनीच विचारलं, तुमची ती मळवलीची बाई? म्हटलं, उत्तम. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी जाते.

रवि., २६ ऑक्टोबर

भात पिवळा पडलाय, कापणी तोंडावर. जाताना पाय आपोआप भरभर चालत होते. मनात हिशेब केलेला: आता तिची वेळ होऊन गेली, म्हणजे एक तर बाहेर बसलेली दिसेल, नाही तर चार दिवस उरकून कामाला लागली असेल.

ओटा रिकामा. म्हातारी खळं सारवायला गेलेली. हौसा आत, चुलीपुढे.

"या बाई. च्या टाकते."

मी दारातच उभी राहिले. तिचा चेहरा बघूनच कळलं.

"बसलीस का गं या महिन्यात?"

तिनं मान हलवली. नाही. "वर गेल्यात दिस. लय न्हाईत. आठ-धा."

"फाटला होता एखादा?"

"एक बी न्हाई. ह्यांनी पानी भरून बघितलंया समद्यात. ह्ये कवा खोटं बोलत न्हाईत, त्ये काम माजं." हसायचा प्रयत्न केला तिनं.

मी सांगायचं ते सांगितलं. रक्त कमी असलं की पाळी पुढे जाते, भीतीनंही जाते. गेले काही महिने तू खरं-खोटं इतकं मिसळलंस की खरी तारीख तुझी तुला तरी ठाऊक आहे का? "त्ये बी हायेच," म्हणाली. हे सगळं खरं आहे. माझ्या लेपावर, माझ्या रबरावर माझा विश्वास आजही तसाच आहे, लिहिताना अक्षरसुद्धा हललेलं नाही. पण जीव तिचा आहे. माझं चुकलं तर मी पुन्हा चौकट लावीन. तिला पुन्हा काय लावता येणार?

उद्या पहिल्या गाडीनं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. बाळू पण येतो म्हणाला, कापणी टाकून. मी त्याला म्हटलं, काही असलं तरी आपण तिघं मिळून बघू. त्यानं नुसती मान डोलावली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

हौसानं चहा गाळला. चुलीवरचं भांडं स्वतः उतरवलं, कप स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिला. या घरात गेले कित्येक महिने मला चहा दिला तो म्हातारीनं, कुरकुरत, कारण ही ओट्यावर असायची. आज मला कुणीही सांगितलं असतं की म्हातारीच्या हातचा तो काढा पुन्हा पी, तर मी आनंदानं प्याले असते.

"साखर बरूबर हाय न्हवं?" तिनं विचारलं.

हो म्हटलं, आणि सगळा प्याले.